हाकेला ओ देणारे माणूस : पहिल्या तीन वर्षांतला लळा पुढच्या आयुष्याला कसा आकार देतो

शंकर नगर (रायपूर) : प्रसूती रजा संपत आली की नोकरदार घरात एकच प्रश्न घोळू लागतो. बाळाला सांभाळणार कोण? रायपूरच्या शंकर नगरसारख्या निवासी भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तो अधिकच अवघड असतो. छत्तीसगडमध्ये मराठी माणसांचे वास्तव्य नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचे आहे. त्यात नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या तरुण जोडप्यांची भर पडत असते आणि त्यांचे आजी-आजोबा मात्र नागपूर, अमरावती किंवा अकोल्यात असतात. मग काही महिने आजी येऊन राहते, ती परतली की घरी मावशी येतात, त्या काम सोडून गेल्या की पाळणाघर शोधले जाते. वर्षभरात बाळाच्या भोवतीची माणसे तीन-चार वेळा बदलतात.

अशा घरांत चर्चा बहुधा 'आईने नोकरी करावी की नाही' या वळणावर जाते. बालविकासाच्या क्षेत्रात गेली सत्तर वर्षे झालेले संशोधन मात्र वेगळाच प्रश्न महत्त्वाचा मानते. बाळाने हाक दिली की तिला ओ कोण देते, आणि आज ओ देणारे माणूस उद्याही तेच असते का?

भुकेपलीकडची गरज

मानसशास्त्रात या विषयाला 'अनुबंध सिद्धांत' असे नाव आहे. मराठीत त्यासाठी रोजच्या वापरातला नेमका शब्द आहे, तो म्हणजे लळा. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी या सिद्धांताचा पाया घातला. दुसऱ्या महायुद्धानंतर घर हरवलेल्या मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत अहवाल तयार करण्याचे काम जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्यावर सोपवले आणि तो अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. आईच्या किंवा तिची जागा घेणाऱ्या व्यक्तीच्या उबदार, अखंड सहवासाची मुलाच्या मनाला गरज असते, असे त्यांनी त्यात मांडले.

त्या काळी तज्ज्ञांचा समज असा होता की, आई दूध पाजते म्हणून बाळाला ती आवडते. बोल्बी यांनी हा क्रम नाकारला. माणसाचे पिल्लू दीर्घकाळ असहाय असते, त्यामुळे संरक्षण देणाऱ्याच्या जवळ राहण्याची ओढ निसर्गानेच त्याच्यात रुजवली आहे आणि ती भुकेइतकीच मूलभूत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माकडांवरील प्रयोगांनी या म्हणण्याला बळ दिले. आईपासून दूर केलेल्या पिल्लांसमोर दोन कृत्रिम 'आया' ठेवल्या होत्या. एक तारेची, दुसरी मऊ कापडाने मढवलेली. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्ले बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. भूक भागवण्यापुरती ती तारेकडे जात आणि परत येत. हे प्रयोग क्रूर होते, अशी टीका पुढे झाली आणि ती योग्यही होती. स्पर्शाची ऊब ही स्वतंत्र गरज आहे, हा त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला.

लळ्याची घडण हळूहळू होते. पहिले काही आठवडे बाळ कोणाच्याही कुशीत शांत होते. सहा-सात महिन्यांच्या सुमारास ते ठरावीक माणसांकडेच झेपावू लागते आणि परके माणूस दिसले की रडू लागते. घरातली मोठी माणसे यालाच 'बाळ आता माणसे ओळखायला लागले' असे म्हणतात. रांगते मूल आईपासून दूर जाते, मध्येच मागे वळून पाहते, ती तिथेच आहे याची खात्री करून घेते आणि पुढे सरकते. धडपडले की परत येऊन बिलगते. ओळखीचे माणूस हा त्याचा तळ असतो. तो भक्कम असेल तरच जग पाहण्याचे धाडस होते. मूल चिकटून राहिल्याने परावलंबी होते, हा समज त्यामुळे उलटा ठरतो.

वीस मिनिटांची परीक्षा

बोल्बी यांच्या मांडणीला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांनी दिली. त्यांनी १९५४ मध्ये युगांडात घरोघरी जाऊन आया आणि तान्ह्या बाळांचे निरीक्षण सुरू केले. नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात २६ कुटुंबांत बाळाच्या पहिल्या वर्षभरात प्रत्येकी सुमारे ७२ तास बसून त्यांच्या चमूने नोंदी केल्या.

त्यातूनच सुमारे वीस मिनिटांची एक चाचणी आकाराला आली. वर्षभराचे मूल आईसोबत खेळण्यांच्या खोलीत येते. एक अनोळखी स्त्री आत येते. आई काही क्षण बाहेर जाते आणि परत येते. मूल आई गेल्यावर किती रडते, याकडे सर्वांचे लक्ष जाते. एन्सवर्थ यांचे लक्ष आई परतल्यावर काय घडते याकडे होते. बहुतेक मुले आईकडे धावतात, कुशीत शांत होतात आणि पुन्हा खेळू लागतात. हा सुरक्षित अनुबंध. काही मुले आईकडे पाहण्याचेही टाळतात. काही मुले तिला बिलगतात आणि त्याच वेळी रागाने ढकलतातही, त्यांची समजूत पटत नाही. पुढे मेरी मेन आणि ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा प्रकार नोंदवला. ज्याच्याकडे आधारासाठी जायचे त्याचीच भीती वाटत असल्यामुळे काय करावे हेच न सुचणारी ही मुले असतात. मारहाण किंवा गंभीर दुर्लक्ष सोसलेल्या मुलांत हा प्रकार अधिक आढळतो.

यातला एक निष्कर्ष पालकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. आई गेली तरी न रडणाऱ्या, तिच्याकडे पाठ करून खेळत राहणाऱ्या मुलाला आपल्याकडे 'शहाणे बाळ' म्हणतात. ॲलन स्राउफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी १९७७ मध्ये अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा वरून शांत दिसणाऱ्या या मुलांवरही ताण असल्याचे दिसून आले. ओ मिळत नाही हे अनुभवाने कळलेले मूल हाक मारणे कमी करते. गरज मात्र तशीच राहते.

फरक नेमका कशाचा?

सुरक्षित मुलांच्या घरी नेमके वेगळे काय होते? एन्सवर्थ यांना वेगळेपण आढळले ते प्रतिसादात. किती तास सोबत घालवले किंवा किती लाड केले, यापेक्षा बाळाची खूण लक्षात येणे, तिचा अर्थ बरोबर लागणे आणि वेळेत, योग्य तो प्रतिसाद मिळणे हे अधिक महत्त्वाचे होते. झोप आलेल्या बाळाला खुळखुळा वाजवून दाखवणे हे प्रेमच असते, पण ती ओ चुकीच्या हाकेला दिलेली असते.

'रडले की लगेच उचलू नका, हाताची सवय लागेल' हा सल्ला मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. बाल्टिमोरच्या नोंदींवर आधारित सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांच्या १९७२ च्या अभ्यासात उलट चित्र दिसले. पहिल्या महिन्यांत ज्या बाळांच्या रडण्याकडे तत्परतेने लक्ष दिले गेले, ती वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. या निष्कर्षावर नंतर वादही झाला. तरी तान्ह्या बाळाला जवळ घेतल्याने ते बिघडते, असा पुरावा यातून कुठेच मिळत नाही.

याचा अर्थ पालकाने प्रत्येक क्षणी अचूक असावे, असाही नाही. आई-बाळाच्या देवघेवीचे बारकाईने चित्रीकरण करणारे एडवर्ड ट्रॉनिक यांच्या कामातून असे दिसते की, निरोगी नात्यातही बराच वेळ सूर जुळलेला नसतो. तो तुटतो आणि पुन्हा जुळवला जातो. या जुळवण्यातूनच बाळ शिकते की, बिघडलेले नीट होऊ शकते.

आई एकटीच का?

बोल्बी यांच्या सुरुवातीच्या लेखनाचा रोख आईवर होता. त्यामुळे नोकरी करणाऱ्या स्त्रियांना अपराधी ठरवण्यासाठीही या सिद्धांताचा वापर झाला. पुढील संशोधनाने हा रोख बराच सौम्य केला. मुलाचा लळा एकापेक्षा अधिक माणसांशी जडू शकतो. आजी, आजोबा, वडील, आत्या, मावशी किंवा रोज सांभाळणारी बाहेरची व्यक्तीही त्यात येते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे सांगावे लागत नाही. मात्र अशा माणसांची संख्या मर्यादित असावी आणि ती टिकून राहावीत, ही अट कायम आहे.

नेदरलँड्सच्या मारिनस व्हॅन आयझेनडोर्न आणि पीटर क्रूननबर्ग यांनी १९८८ मध्ये आठ देशांतील ३२ अभ्यास एकत्र केले. त्यांतील सुमारे दोन हजार मुलांपैकी ६५ टक्के मुलांचा अनुबंध सुरक्षित होता. देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या निरनिराळ्या अभ्यासांतला फरक मोठा निघाला.

पाळणाघराबाबतचा सर्वात मोठा अभ्यास अमेरिकेत १९९१ मध्ये तेराशेहून अधिक मुलांवर सुरू झाला. पाळणाघरात राहिल्यानेच मुलाचा आईशी असलेला लळा कमकुवत होतो, असे त्यात आढळले नाही. धोका वाढला तो दोन गोष्टी एकत्र आल्यावर. घरी प्रतिसाद कमी, आणि बाहेरची देखभाल निकृष्ट, फार तासांची किंवा एकापेक्षा अधिक ठिकाणी विभागलेली. शंकर नगरमधील असो वा पुण्यातील, वर्षात चार वेळा व्यवस्था बदलणाऱ्या घरासाठी हा निष्कर्ष थेट उपयोगाचा आहे. पाळणाघर की मावशी, यापेक्षा निवडलेली व्यवस्था किती काळ टिकणार हा प्रश्न मोठा ठरतो.

माणूसच नसेल तर

कोणाचीच ओ न मिळालेल्या मुलांचे काय होते, याचे दारुण उदाहरण रुमानियात घडले. १९८९ मध्ये चाउसेस्कू राजवट कोसळली, तेव्हा तिथल्या संस्थांमध्ये लाखाहून अधिक मुले असल्याचे उघड झाले. त्यांना दूध मिळे, पण सांभाळणारी माणसे पाळीगणिक बदलत आणि एकेकीकडे अनेक मुले असत. २००० मध्ये बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी १३६ मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून पालक कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा आणि नाती संस्थेतील मुलांपेक्षा सुधारली. सुमारे दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना त्याचा सर्वाधिक लाभ झाला.

म्हणूनच भारतातील दत्तक प्रक्रियेतला प्रत्येक महिना मोलाचा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बेवारस सापडलेले दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे मूल चार महिन्यांत दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मुक्त घोषित करणे अपेक्षित आहे. फाइल पुढे सरकण्यास लागणारा वेळ हा मुलाच्या वाढीतून वजा होणारा वेळ असतो.

रुग्णालयांनाही हा धडा उशिरा उमगला. बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. आई-वडिलांना मोजक्याच वेळी भेटू देण्याचा नियम मुलाला किती महाग पडतो, हे त्यातून दिसले. आज कमी वजनाच्या नवजात बाळांबाबत तर पुरावा भावनेपलीकडचा आहे. दिल्लीतील सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत ३,२११ बाळे होती. जन्मानंतर लगेच आईच्या किंवा दुसऱ्या आप्ताच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलेल्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

कोसबाड ते सरगुजा

या सिद्धांताची परिभाषा न वापरताही महाराष्ट्राने त्याचे मर्म ओळखले होते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्माला आला. आदिवासी पाड्यांत थोरली भावंडे धाकट्यांना कडेवर घेऊन फिरत असल्याने त्यांची शाळा बुडे. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणून हा पेच सोडवण्यात आला. थोरल्याच्या शिक्षणाचा आणि धाकट्याच्या सांभाळाचा प्रश्न एकच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

छत्तीसगडमध्ये २०१२ मध्ये सरगुजा जिल्ह्यात सुरू झालेली 'फुलवारी' केंद्रे याच जातीची आहेत. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आया शेतात किंवा रानात गेल्या असताना गावातल्याच आया आळीपाळीने सांभाळतात आणि गरम जेवण देतात. मुख्य हेतू कुपोषण रोखण्याचा आहे. तरीही मुलाला भरवणारे हात ओळखीचे, शेजारच्याच काकूंचे असतात, हे या रचनेचे बलस्थान आहे. पोषण आणि माया या दोन स्वतंत्र योजना नाहीत, हे त्यातून दिसते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या २०१८ च्या बालसंगोपन आराखड्यानेही आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि शिक्षणाच्या बरोबरीने 'प्रतिसादशील संगोपना'ला स्थान दिले आहे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आणलेला 'नवचेतना' हा आराखडा त्याच दिशेचा आहे.

हिरकणी आणि गडाचा दरवाजा

महाराष्ट्रात एसटी स्थानकांवरील स्तनपानाच्या खोल्यांना 'हिरकणी कक्ष' म्हणतात. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरलेल्या गवळणीची ती कथा. आपण आईच्या धाडसाचे कौतुक करतो, पण दरवाजा केव्हा बंद व्हावा याचा विचार क्वचितच करतो. आजच्या हिरकणीचा दरवाजा म्हणजे कामाच्या वेळा आणि रजेचे नियम.

२०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील महिलांची सवेतन प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. तीत प्रसूतीपूर्वी कमाल ८ आठवडे घेता येतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभाही कायद्यात आली. ही रजा साधारण संपते तेव्हा बाळ नेमके माणसे ओळखू लागलेले असते, आणि आपले कोण हे त्याला कळू लागण्याच्या वेळीच ते नव्या हातांत जाते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना पितृत्व रजा १५ दिवसांचीच मिळते.

वीटभट्टीवर जाणाऱ्या छत्तीसगडच्या मजूर स्त्रीला किंवा फडावर जाणाऱ्या बीडच्या ऊसतोड स्त्रीला या रजेचा लाभच नाही. तिचे बाळ एकतर बांधावर झोळीत असते किंवा गावी आजीकडे, महिनोन्‌महिने. मिशन शक्तीखालील 'पालना' योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघरांची, तसेच अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. तिचे यश इमारतींच्या संख्येवर मोजून चालणार नाही. तिथली सेविका टिकते का, तिला पुरेसे मानधन मिळते का आणि तिच्याकडे किती मुले आहेत, यावर ते मोजावे लागेल. सेविका दर काही महिन्यांनी बदलली, तर मुलाच्या दृष्टीने केंद्रही दर काही महिन्यांनी बदलते.

घरात काय करता येईल

पालकांना करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. कामावर रुजू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे नव्या सांभाळणाऱ्या व्यक्तीला आईच्या किंवा वडिलांच्या उपस्थितीत बाळाशी रुळू द्यावे. निघताना बाळाचा डोळा चुकवून पसार होऊ नये. 'येते हं' असे सांगून, निरोप घेऊन जावे. त्या क्षणी बाळ रडेल. पण सांगून गेलेले माणूस सांगितल्याप्रमाणे परत येते, हा अनुभव रोज साठत जातो. न सांगता नाहीशी होणारी आई केव्हाही नाहीशी होऊ शकते, म्हणून असे मूल तिला नजरेआड होऊ देत नाही.

पाळणाघर निवडताना खेळण्यांपेक्षा माणसे पाहावीत. एका ताईकडे किती मुले आहेत, ती तिथे किती दिवसांपासून काम करते, मूल रडले की ती काय करते, हे विचारावे. घरी सांभाळणाऱ्या मावशींना सन्मानाने वागवणे आणि वेळेवर पगार देणे, हाही बालसंगोपनाचाच भाग आहे. संध्याकाळी परतल्यावर पहिला अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून मुलाकडे लक्ष द्यावे. आजी-आजोबा दूर असतील तर त्यांचे येणे-जाणे असे आखावे की, बाळाला सांभाळणारी माणसे एकाच वेळी सगळी बदलणार नाहीत.

हा शिक्का नव्हे

पहिल्या वर्षांतला लळा आयुष्यभराचे भाकीत करतो, असेही समजू नये. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९७५ मध्ये गरीब कुटुंबांतील बाळांचा सुरू झालेला अभ्यास ती प्रौढ होईपर्यंत चालला. सुरुवातीला सुरक्षित असलेली मुले पुढे सरासरीने अधिक आत्मविश्वासाची, मित्रांत मिसळणारी आढळली. पण घरातली संकटे, आईचे नैराश्य, मिळालेला आधार, एखादे चांगले शिक्षक किंवा पुढे जुळलेले चांगले नाते यांनी अनेकांची वाट बदलली. बालपणी ओ न मिळालेल्या व्यक्तीही मोठेपणी विश्वास ठेवायला शिकतात. आपल्या बालपणाचा अर्थ नीट लावू शकलेल्या पालकांची मुले सुरक्षित असण्याची शक्यता अधिक असते, असेही संशोधन सांगते.

हे ज्ञान पालकांना धाक घालण्यासाठी वापरण्याचे कारण नाही. त्याचा रोख व्यवस्थेकडेही आहे. घरात आई-वडिलांनी ओ द्यायची तर त्यांना त्यासाठी वेळ हवा, पाळणाघरातल्या ताईने द्यायची तर तिला नोकरीची शाश्वती हवी, आणि संस्थेतल्या मुलाला ती मिळायची तर घर लवकर हवे. बाळाच्या हाती फक्त हाक मारणे असते.